खाऱ्या विहिरीवरची कुत्री

अमरावतीत माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरी कुत्री पाळली आहेत. जेवणं झाली की ताटातलं उरलंसुरलं, लोणच्याच्या फोडीसकट, त्यांच्यापुढे टाकतात. मी तिथे असलो तर बोलल्यावाचून राहवत नाही. "लोणचं काढा, पापड काढा, मीठ नको," असं मी म्हणतो आणि लोक हसतात. मास्तराला सगळीकडे चुका दिसतात, असं त्यांना वाटतं. मी शाळेत शिकवतो, तेव्हा त्यांना तसं वाटलं तर नवल नाही. पण ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. एक कुत्री माझ्या हातून मेली, तेव्हा ती मला कळली. ती माझ्या हातून मेली हे मी बायकोपासून दोन वर्षं लपवलं. तेच आज लिहायला बसलो आहे.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. विलायतेच्या पलीकडे कुठेतरी लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस बंद झाला म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी किंमत आली होती. आमचं शेत भातकुलीच्या पुढे, पूर्णेच्या अंगाला. वडील थोरल्या भावाजवळ अमरावतीला राहत, त्यामुळे गावच्या घरात मी आणि माझी बायको, आम्ही दोघंच. आम्ही जातीचे माळी. माझ्या बायकोच्या माहेरी, अमरावतीजवळ, वांगी, मेथी, झेंडू सगळं होई. आमच्या गावात मात्र विहिरींना खारं पाणी. त्यावर भाजीपाला जगत नाही. पावसावरचा कापूस आणि ज्वारी एवढंच आमचं पीक.

पूर्णेकाठच्या त्या पट्ट्यात न राहिलेल्या माणसाला खारं पाणी म्हणजे काय ते सांगावं लागेल. त्या पाण्यात तूर शिजत नाही. केस धुतले तर चिकट होतात. भाकरीचं पीठ त्या पाण्यात मळलं तर वर मीठ टाकावं लागत नाही. धुणंभांडी आणि गुरं यांच्यासाठी ते पाणी वापरायचं आणि पिण्यासाठी नदीच्या वाळूत झिरा खणायचा. खड्ड्यात हळूहळू गोडं पाणी पाझरतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. झिरा आमच्या घरापासून अर्धा कोस लांब होता. बायको रोज दोन खेपा करायची.

कुत्री तिनंच माहेराहून आणली होती. भुरक्या रंगाची, कान एक उभा आणि एक पडलेला. नाव आम्ही ठेवलं नव्हतं. बायकोनं "यू यू" केलं की कुठूनही धावत यायची. सकाळी बायको झिऱ्यावर निघाली की कुत्री पुढे. तिथे पोटभर पाणी प्यायची आणि परत यायची. आमच्या दारात विहिरीच्या पाण्याची दगडी डोणी होती, बैल तिच्यात तोंड घालत. पण कुत्रीनं कधी त्या डोणीला तोंड लावलेलं मला आठवत नाही. तिनं एकदा हुंगलं होतं आणि ती मागे फिरली होती. हे मी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्याचा काही विचार केला नव्हता.

दुसऱ्या वर्षी कापूस उदंड झाला. वेचणी झाली की भाव आणखी चढेपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, असं सगळ्यांचंच चाललं होतं. आमच्या अंगणात मांडवाखाली कापसाची गंजी लागली. गावात चोऱ्या होऊ लागल्या. कुणाच्या गंजीतून धोतरभर, कुणाच्या लुगडंभर. ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं तेही पिल्लं शोधत फिरू लागले. आमच्याकडे आयतं कुत्रं होतं, पण ते कुणावर भुंकत नसे. येईल त्याचे पाय चाटायचं.

आमच्या शेजारी एक वयस्कर शेतकरी राहत. मी त्यांना काका म्हणत असे. कुणाची टिंगल करायची संधी ते सोडत नसत. एकदा अंगणात आले तर कुत्री त्यांच्या धोतराशी खेळू लागली. काका म्हणाले, "अबे, हे कुत्रं होय का शेई होय? चोर आला तं हे त्याले गंजी कुठं हाय थे दाखवन."

कुत्रीला शेळी म्हटल्यावर मी ओशाळून म्हटलं, "अजून लहान हाय काका."

"लहान गिहान काई नाई. तू थिले दूध-भाकर चारत असशीन. बांधून ठेव अन् तिखट-मीठ चार. ठेचा दे भाकरीसंग. तिखट-मीठ खाल्लेलं कुत्रं इंगळावानी असते. माह्या बापाजवळ होतं, जावयाच्या पोटरीचा लचका तोडला त्यानं."

बायको ओसरीवर ज्वारी पाखडत होती. ती तिथूनच म्हणाली, "मंग जावई आले का नाई पुन्हा?"

"नाई आले. म्हून तं सांगतो, चांगलं असते."

आम्ही तिघंही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी काकांनी सांगितलं तसं करू लागलो. आमच्या भागात हा समज सगळ्यांचाच होता. राखणीच्या कुत्र्याला ठेचा चारायचा, म्हणजे ते तापट होतं. लाल मिरची आणि मूठभर मीठ वाटलेला ठेचा मी भाकरीत भरत असे. भाकर मुळातच खाऱ्या पाण्यात मळलेली. पहिले दोन दिवस कुत्रीनं तोंड फिरवलं. मी दुसरं काही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खाल्लं.

आणि तिला मांडवाच्या कडेच्या मेढीला, म्हणजे खांबाला, दाव्यानं बांधलं.

सुरुवातीला बायको सकाळी दावं सोडून तिला झिऱ्यावर नेत असे. पौषात एके सकाळी मी शेतात होतो, त्या दोघी झिऱ्यावर होत्या आणि तेवढ्या वेळात कुणीतरी गंजीची एक बाजू ओरबाडून नेली. मी बायकोवर फार ओरडलो. आजपासून हे दावं सुटता कामा नये, असं मी बजावलं. ती म्हणाली, "मंग पाण्याचं काय? थे इथलं पाणी पेत नाई."

"तहान लागली तं पेईन."

"खारं हाय थे."

"बैल पेतात ना? बैलाले काई होते का? कुत्र्याले का नाजूक आतडे हायेत?"

मला हे बोलणं अगदी बिनतोड वाटलं होतं. आमच्या गावात ढोरं पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पीत आली होती. बैल जे पितो ते कुत्र्याला चालतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यात चूक कुठे होती ते मला पुढे कळलं. बैल दिवसभर बिनमिठाचा चारा खातो, राबतो आणि घाम गाळतो. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं. पोटात गेलेलं मीठ त्याला लघवीवाटेच बाहेर टाकावं लागतं आणि त्यासाठी त्याला गोडं पाणी लागतं. गोड्या पाण्याऐवजी खारंच पाणी दिलं तर मीठ काढायला पुन्हा मीठच दिल्यासारखं होतं. प्यावं तितकी तहान वाढते.

तसंच झालं. कुत्री डोणीचं पाणी पिऊ लागली. थंडीत फारसं जाणवलं नाही. फाल्गुन लागला, विहीर खाली गेली आणि पाणी जिभेला झोंबेल इतकं खारट झालं. कुत्री डोणीपाशीच बसून राहू लागली. बायको एकदा म्हणाली, "आवो, हे पाणी पेऊन राह्यली अन् मुतून राह्यली. दुसरं काईच करत नाई."

"चांगलं हाय. पोट साफ होते."

"डोळे पाहा थिचे."

मी पाहिले नाहीत. कुत्री आता येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरत असे, त्यामुळे काकांचा उपाय लागू पडला, असंच मी समजत होतो. ती तापट झाली नव्हती, तिला बरं नव्हतं. हा फरक मला त्या वेळी कळला नाही, असं लिहिलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. थोडा कळत होता. पण अकोल्याला कापूस घेऊन जायचं होतं, बंडीच्या चाकांना वंगण घालायचं होतं, बैलांना नाल मारायचे होते. चोर आला नव्हता हे बरं होतं आणि बाकीचं नंतर पाहू, असं मी ठरवलं.

चैत्राच्या सुरुवातीला मी चार बंड्यांसोबत अकोल्याला गेलो. जाऊन-येऊन नऊ दिवस लागले. निघताना बायकोला पुन्हा सांगितलं की दावं सोडायचं नाही. ती कुत्रीजवळ बसून तिच्या गळ्यातलं दावं चाचपत होती.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणात पाऊल टाकलं तर कुत्री मांडवाखाली गोणपाटावर आडवी पडली होती. गळ्यात दावं नव्हतं. बायको तिच्याजवळ बसली होती आणि मेढीला टेकून एक म्हातारा धनगर बसला होता. त्याची मेंढरं दर उन्हाळ्यात आमच्या पडीक रानात बसत, आम्ही दोघं त्याला आबाजी म्हणत असू.

मी काही विचारायच्या आतच बायको बोलू लागली. मी गेल्यावर चौथ्या दिवशी कुत्रीनं ओकाऱ्या काढल्या. मग पातळ हगवण. पाचव्या दिवशी उभी राहायला गेली तर मागचे पाय एकमेकांत अडकले आणि पडली. अंग थरथरू लागलं, एकदा तर फेस आला. बायकोनं दावं कापून टाकलं आणि मेंढरांच्या वाड्यावर धावत गेली. आबाजीनं येऊन कुत्रीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग त्यानं डोणीतलं पाणी चाखलं आणि थुंकलं.

"मीठ चढलं हाय," असं तो तेव्हा म्हणाला होता. मला त्यानं तेच पुन्हा सांगितलं. "माह्या मेंढरांचं असं झालं होतं एकदा. मिठाचं पोतं फोडून खाल्लं, अन् मंग नदीवर सुटल्या. पाणी पेल्या अन् तिथंच पाय झाडून मेल्या. मिठानं नाई मेल्या, पाण्यानं मेल्या. सुकलेल्या जिवाले एकदम पाणी देलं का थे डोक्यात चढते, बाप्पा. थोडं थोडं द्याव लागते. दोन-तीन दिस."

त्यानं बायकोला मापही घालून दिलं होतं. मेढीची सावली चार बोटं सरकली की एक वाटी झिऱ्याचं पाणी. त्याहून जास्त नाही, ती कितीही मागो. ठेचा बंद. ज्वारीच्या कण्यांची पेज झिऱ्याच्याच पाण्यात शिजवायची, तिच्यात मिठाचा कण टाकायचा नाही. बायकोनं चार दिवस तसंच केलं होतं. झटके येणं थांबलं होतं. त्या सकाळी कुत्रीनं मान उचलली होती आणि बायकोनं "यू यू" केल्यावर शेपटी एकदा आपटली होती.

"जगन थे आता," आबाजी उठता उठता म्हणाला. "आज अन् उद्या सांभाळा. मंग काई नाई."

तो गेला. बायकोनं घागर उचलली. "म्या झिऱ्यावर जाऊन येतो. वाटी आत्ताच देली हाय, म्या येईपावतर काई देऊ नका." मग दारात थांबून म्हणाली, "तुमाले काई म्हणत नाई म्या आज. उद्या म्हणीन."

ती गेल्यावर मी कुत्रीजवळ बसलो. गळ्याला दाव्यानं केस घासून गेले होते, तिथे खपली धरली होती. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग मान लांब करून रिकामी वाटी चाटू लागली. वाटीत काही नव्हतं. ती चाटतच राहिली, वाटी जमिनीवर सरकत गेली आणि तिची जीभ तिच्या मागे मागे जात राहिली.

ते मला बघवेना. मी आबाजीचं बोलणं ऐकलं होतं. विसरलो नव्हतो. पण मला वाटलं, मीच हिला चार महिने तहानेलं ठेवलं, आता पाणी घरात असून देऊ नये हा कुठला न्याय? म्हातारा मेंढरांबद्दल बोलतो आहे, कुत्र्याचं वेगळं असेल. खरं सांगायचं तर मला तिच्या डोळ्यांसमोरून सुटायचं होतं. चार-चार बोटं सावली मोजत बसायची माझी तयारी नव्हती. जे केलं ते एका फटक्यात फेडून टाकावं असं वाटत होतं.

स्वयंपाकघरात एक घागर भरलेली होती. मी परात आणली आणि ओतली. कुत्री धडपडत पुढच्या पायांवर उभी राहिली आणि पिऊ लागली. परात संपली. मी पुन्हा भरली. तीही संपली. तिचं पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं दिसत होतं. मग तिनं माझ्या हातावर डोकं टेकलं. मला फार बरं वाटलं. त्या क्षणी मला जे समाधान झालं ते मी अजून विसरलेलो नाही.

परात पुसून मी ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवली.

बायको आली, घागर उतरवताना तिला दुसरी घागर रिकामी दिसली. "यातलं पाणी कुठं गेलं?"

"म्या हातपाय धुतले. धूळ होती लय."

"गोड्या पाण्यानं?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अर्ध्या कोसावरून म्या डोईवर आणतो अन् तुमी पाय धुता? कापसाचा भाव चढला तं आता दुधानं धुसान!"

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मोठ्या अपराधाच्या जागी लहान अपराधाची बोलणी खाऊन मी मोकळा होत होतो.

तेवढ्यात मांडवातून आवाज आला. कुत्री उठून गोल गोल फिरत होती, डोकं मेढीला दाबत होती. तोंडातून लाळ गळत होती. मग ती ओकली, सगळं पाणीच. पडली आणि चारही पाय झाडू लागली. बायकोनं तिला धरलं. मी आबाजीकडे धावलो. तो येईपर्यंत पाय हलायचे थांबले होते. ऊन अजून अंगणातच होतं.

आबाजीनं पोटावरून हात फिरवला. एकदा दाबून पाहिलं.

"किती पाजलं, माय?"

"तुमी सांगतलं तितकंच. वाटी-वाटी."

"पोटात पाणी लय हाय."

"म्हंजे म्या खोटी बोलून राह्यली?" बायकोचा आवाज चढला. "चार दिस सावली मोजत बसली म्या इथं. एक घोट जास्त नाई देला. थे माह्याकडे पाहे अन् म्या तोंड फिरवो. तुमचं ऐकूनच नाई देला!"

आबाजीनं माझ्याकडे पाहिलं. विचारणारी नजर नव्हती ती, घरधनी बायकोला शांत करेल म्हणून नुसतं पाहिलं असेल. मी तिथेच दोन हातांवर उभा होतो. परात मागे भिंतीला टेकलेली होती. मी सरकून तिच्यापुढे उभा राहिलो.

म्हातारा म्हणाला, "असन बाप्पा. मले काय समजते," आणि काठी घेऊन निघून गेला.

कुत्रीला आम्ही शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, पुरलं. त्यानंतर बायकोनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. म्हाताऱ्याचं ऐकून आपण हात आखडला, पोटभर पाजलं असतं तर कुत्री जगली असती. हे ती माझ्याजवळ अनेकदा बोलली. ती बोले तेव्हा मी कधी बैलांकडे बघे, कधी आभाळाकडे. एकदा तर मी म्हटलं, "जाऊ दे, तुले काय मालूम होतं." म्हणजे मी तिला क्षमा केली. ज्या गोष्टीत तिचा काडीचाही दोष नव्हता तिची.

पुढच्या उन्हाळ्यात धनगराचा वाडा आमच्या रानात आला. पूर्वी म्हातारा दारावरून गेला की बायको त्याला हाक मारून ताक देई. त्या वर्षी ती आत निघून गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मेंढरं आमच्याकडे आलीच नाहीत, दुसऱ्या गावाला बसली.

त्या दोन वर्षांत लढाई संपल्याच्या बातम्या आल्या आणि कापसाचा भाव बसला. गंज्या कमी झाल्या, कुत्र्यांची गरजही राहिली नाही. गावात बेवारशी कुत्री फार झाली. काकांनीही एक कुत्रं ठेचा चारून बांधलं होतं, ते त्यांनाच चावलं. "पाहा, किती तापट झालं," असं ते पोटरी दाखवून अभिमानानं सांगत.

वैशाखातली गोष्ट. तेल्हाऱ्याकडचा एक गाडीवान अकोल्याच्या बाजारातून माल भरून अमरावतीकडे चालला होता. ऊन चढल्यावर तो आमच्या मांडवाखाली बंडी सोडून बसला. त्याच्याबरोबर एक काळं कुत्रं होतं. ते बंडीखाली पडलं होतं, धापा टाकत होतं आणि त्याच्या अंगाला मधूनमधून झटके येत होते.

"काय झालं याले?" मी विचारलं.

"काय सांगू दादा. खारवलेल्या मासळीची टोपली होती बंडीत. काल याने अर्धी टोपली फस्त केली. मालकाले काय सांगू म्या? अन् रस्त्यात पाण्याचा थेंब नाई. कालपासून ओकून राह्यलं."

बायकोनं ते ऐकलं. ती तडक आत गेली आणि भरलेली घागर आणि तीच परात घेऊन आली. परात कुत्र्यापुढे ठेवून तिनं घागर तिरपी केली.

मी म्हटलं, "थांब. एकदम नको देऊ. वाटीनं दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मागच्या बारीले वाटीनंच देलं होतं. पाह्यलं ना काय झालं थे?" आणि ती ओतू लागली.

मी तिचं मनगट धरलं. पाणी माझ्या पायावर सांडलं. मला अजून एक खोटं सांगता आलं असतं. वैद्यानं सांगितलं, अकोल्यात ऐकलं, असं काहीही. तसं मनात आलंही होतं. पण परातीत पाणी होतं आणि कुत्र्यानं तोंड पुढे केलं होतं. तिला पटेल असं दुसरं काही मला सुचलं नाही.

"मागच्या बारीले वाटीनं नाई मेली थे," मी म्हटलं. "तू झिऱ्यावर गेली होतीस. म्या घागर पाजली थिले. पुरी घागर. हातपाय नवते धुतले म्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. गाडीवानाला काही समजेना. तो म्हणाला, "दादा, वयनी, तुमचं काय असन थे मंग पाहा. पह्यले माह्या कुत्र्याचं पाहा ना बाप्पा."

बायकोनं घागर खाली ठेवली. परात उचलून पाणी डोणीत ओतलं. आत जाऊन वाटी घेऊन आली, एक वाटी कुत्र्यापुढे धरली आणि मेढीच्या सावलीच्या टोकाशी बोटानं मातीत रेघ ओढली. मग चार बोटं मोजून दुसरी. दिवसभर ती तिथेच बसली. गाडीवान जेवला, निजला, उठला. ती रेघा ओढत राहिली. मी जवळ गेलो की ती तोंड फिरवत नव्हती, पण बोलतही नव्हती. दिवस मावळायच्या सुमाराला कुत्र्याचे झटके कमी झाले. गाडीवान आणखी दोन दिवस आमच्याकडे राहिला आणि तिसऱ्या सकाळी कुत्रं बंडीमागून आपल्या पायांनी चालत गेलं.

ती बंडी दिसेनाशी झाल्यावर बायको पहिल्यांदा बोलली. "याच्यासाठी सांगतलं तुमी. या कुत्र्यासाठी. माह्यासाठी नाई सांगतलं. दोन वर्स झाली."

मी म्हटलं, "चुकलं माह्यं."

"थे मले समजलं. आता आबाजीले सांगून या."

मी त्याच दिवशी निघालो. वाडा तीन गावं पलीकडे होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. म्हातारा एका बाभळीखाली लोकर विंचरत बसला होता, दृष्टी कमी झाली होती. मी ओळख सांगितली, गावाचं नाव सांगितलं. मग जे झालं ते सगळं सांगितलं, परात, घागर, तुमचं बरोबर होतं, माझ्या घरात तुमचा अपमान झाला आणि मी गप्प उभा राहिलो, सगळं.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोणती कुत्री?"

मी पुन्हा सांगितली. भुरकी, एक कान पडलेला.

"असन बाप्पा. ध्यानात नाई राहत आता." त्यानं लोकरीतला एक काटा उपटून टाकला. मग मला काही नवीन सांगतो आहे अशा आवाजात म्हणाला, "पण मीठ खाल्लेलं जनावर असलं ना, तं पाणी थोडं थोडंच द्या. एकदम नका देऊ."

"हो आबाजी," मी म्हटलं.

घरी आलो तेव्हा बायको ज्वारी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "काय म्हणाले?"

"त्याहिले आठवत नाई."

"मले आठवते," ती म्हणाली आणि सूप झटकून पुढची मूठ घेतली.